चिठ्ठी द्यायची की थांबायचं

बाई स्वतःच्या दुखण्यासाठी दवाखान्यात आली, असं फार क्वचित होतं. ती येते नातवाच्या खोकल्यासाठी, नवऱ्याच्या शुगरच्या गोळ्या संपल्या म्हणून, सासूच्या गुडघ्यांसाठी. मी लेकराचं औषध लिहीत असते आणि ती बाकावरून उठता उठता म्हणते, "मॅडम, माझी बी कंबर लई धरलीया." कधीपासून, ओझं उचललं का, पायाला मुंग्या येतात का, असं विचारत गेलं की चौथ्या-पाचव्या प्रश्नाला खरी गोष्ट बाहेर येते. अंगावरून जातंय. पाळी आली की पंधरा दिवस थांबत नाही. खाली हाताला काहीतरी लागतंय. हे सांगताना तिची नजर माझ्याकडे नसते, भिंतीवरच्या लसीकरणाच्या तक्त्याकडे असते.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ नाही. सोलापूर आणि धाराशिव जिल्ह्यांच्या हद्दीलगत एका तालुक्याच्या गावात माझा फॅमिली डॉक्टरचा साधा दवाखाना आहे. सर्दी-ताप, बीपी-शुगर, विंचू चावलेली माणसं, सगळंच येतं. पण डॉक्टर बाई असली की ती बायकांचीच, हे गावानं परस्पर ठरवून टाकलेलं असतं. त्यामुळे दिवसातून कितीदा तरी तोच प्रश्न पुढ्यात येतो: हिला इथंच बघायचं, की गायनॅककडे चिठ्ठी द्यायची?

पुस्तकांत याच्या याद्या आहेत आणि त्या चांगल्या आहेत. तरी अडतं, कारण यादीत एसटीची वेळ नसते, सुगी नसते, बुडालेला रोज नसतो, "मालकांना विचारून सांगते" नसतं. आणि चिठ्ठी घेऊन ती जिथं जाईल तिथं तिचं काय होईल, हे तर कुठल्याच यादीत नसतं. आमच्या भागात मी दोन्ही तऱ्हा पाहिल्या आहेत. वर्षभर अंगावर काढून, हाताबाहेर गेल्यावर मोठ्या दवाखान्यात पोचलेल्या बायका. आणि नुसत्या पांढऱ्या पाण्याच्या तक्रारीवरून या दारातून त्या दारात जात जात बत्तिसाव्या वर्षी गर्भाशय काढून घरी आलेल्याही. चिठ्ठी हेही एक औषधच आहे. वेळेवर दिलं तर जीव वाचवतं, नको तिथं दिलं तर अपाय करतं.

काही ठिकाणी मात्र डोकं खाजवायची गरजच नसते. जननक्षम वयातली बाई पोटात दुखतंय म्हणून आली, त्यात चक्कर, घाम, खांद्यात कळ असली, तर बाकी सगळं बाजूला ठेवून लघवीची प्रेग्नन्सी टेस्ट करायची. यात आमच्याकडची एक मोठी अडचण म्हणजे "माझं ऑपरेशन झालंय" हे वाक्य. महाराष्ट्रात निम्म्याच्या आसपास विवाहित बायकांची नसबंदी झालेली असते, बहुतेकींची पंचविशीच्या आगेमागेच. ऑपरेशन झालं म्हणजे दिवस जाणारच नाहीत, असं तिला वाटतं, नवऱ्याला वाटतं आणि बऱ्याचदा डॉक्टरलाही वाटतं. नसबंदीनंतर गर्भ राहणं दुर्मीळ आहे हे खरं. पण राहिलाच, तर तो गर्भाशयात न राहता बीजवाहक नळीत असण्याची शक्यता इतर वेळेपेक्षा बरीच जास्त असते. नळी फुटली की पोटात रक्त साठतं, आणि घरचे सांगतात, "गॅस धरलाय, एक इंजेक्शन द्या." टेस्टच्या पट्टीवर दोन रेघा दिसल्या आणि पोटात दुखतंय, तर मी चिठ्ठीच्या नादाला लागत नाही. सलाईनची सुई लावते, १०८ ला फोन करते, दुसरा फोन ज्या डॉक्टरकडे पाठवायचं त्यांना करते. कागद नंतर.

अविवाहित मुलीलाही हाच नियम. फक्त आईला आधी बाहेर बसवावं लागतं. वजन करायच्या निमित्तानं मुलीला आतल्या खोलीत नेलं की निम्मं काम होतं. मेडिकलमधून गर्भपाताचं किट आणून, किती आठवडे झालेत हे न बघता गोळ्या घेतलेल्या मुली आणि बायका मला अशा वेळीच सापडतात. रक्त थांबत नाही, ताप आहे, किंवा टेस्ट अजून ठळक येते आहे, तर त्यांनाही त्याच दिवशी पुढं.

दुसरी बिनविचाराची गोष्ट: पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर आलेला रक्ताचा डाग. एकच का असेना. याला बायका नाना कारणं देतात. उष्णता झाली. उपवास बाधला. एक आजी तर जरा खुशीतच होत्या, "पाळी परत आली बघा, अंगात अजून रग हाय." अशा दहा बायका तपासल्या तर साधारण नऊ जणींत कोरडेपणा, एखादा मस्सा असलं किरकोळ कारण निघतं. दहावीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर असतो. तो लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता उत्तम असते, आणि त्याचं नशीब असं की तो सहसा लवकरच रक्ताच्या रूपानं दार वाजवतो. म्हणून इथं गोळी देऊन महिनाभर वाट बघणं नाही. स्थूलपणा, मधुमेह, रक्तदाब, मूल न झालेलं असणं, स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन चालू असणं, यांपैकी काही असलं तर माझी घाई आणखी वाढते.

अशा एका बाईंसाठी लिहिलेली चिठ्ठी इथं उतरवते, कारण चिठ्ठीत काय असावं यावर माझं एक ठाम मत आहे. "वय ५८. पाळी जाऊन ७ वर्षं. गेल्या महिन्यात दोनदा डाग, वेदना नाहीत. मधुमेह, गोळ्यांवर; रक्त पातळ करणारं औषध नाही. वजन ८१. हिमोग्लोबिन १०.४. आतून पाहिलं: योनीमार्ग कोरडा, गर्भाशयाचं तोंड साफ, रक्त आतून येतंय. सोनोग्राफीत अस्तर ९ मि.मी. प्रश्न: अस्तराचा तुकडा तपासायला घ्यावा का?" पाळी गेलेल्या बाईचं अस्तर ४ मि.मी.पेक्षा जाड असेल आणि तिला रक्तस्राव होत असेल, तर तुकडा घ्यायला हवा, हे त्या डॉक्टरांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरीही प्रश्न लिहायचा. ज्या चिठ्ठीत प्रश्न नसतो, नुसतं 'कृपया पाहून पुढील उपचार करावेत' असतं, ती चिठ्ठी म्हणजे हात झटकणं. आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही, हे लिहायला बसलं की निम्म्या वेळा तपासायची राहिलेली गोष्ट आपली आपल्यालाच आठवते. चिठ्ठी मी इंग्रजीतच लिहिते, सवयीनं. प्रश्नाची ओळ मात्र खाली मराठीतही लिहिते, म्हणजे आपण कशासाठी चाललोय हे तिला आणि तिच्याबरोबर येणाऱ्या मुलाला वाचता येतं. मुलं ती वाचतात आणि लाजतात. लाजू देत.

'आतून पाहिलं' हे दोन शब्द त्या चिठ्ठीत सगळ्यात महत्त्वाचे आहेत आणि आमच्याकडे सगळ्यात दुर्मीळ. राणी बंग आणि अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० बायका आणि मुली तपासल्या आणि १९८९ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. ९२ टक्के जणींना कुठला ना कुठला स्त्रीरोग होता, एकेकीला सरासरी ३.६. पण माझ्या डोक्यात राहून गेलेला आकडा वेगळाच आहे. त्याआधी आयुष्यात कधीही अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. आज चित्र बदललंय, बाळंतपणं दवाखान्यात होतात. पण बाळंतपण सोडून इतर कारणासाठी त्या टेबलावर झोपलेली बाई आमच्या तालुक्यात अजूनही कमीच. आणि याचा दोष एकट्या बायकांच्या लाजेवर ढकलणं मला पटत नाही. डॉक्टरच पडद्यामागे जात नाहीत. आसपासचे बहुतेक दवाखाने बीएएमएस, बीएचएमएस झालेल्या पुरुष डॉक्टरांचे आहेत, त्यांच्याकडे मदतीला बाई नसते, त्यांची अडचण मी समजू शकते. पण खुद्द बाई डॉक्टरांच्या दवाखान्यातही स्पेक्युलम, म्हणजे आतून बघायचं साधन, कपाटात गंजत पडलेलं मी पाहिलंय.

त्या कपाटातल्या वस्तूला किती अर्थ आहे, हे आमच्याच मातीत सिद्ध झालेलं आहे आणि आमच्याच लोकांना ठाऊक नाही. बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलात १९८७ पासून बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतल्या कॅन्सरची नोंद ठेवली जाते. देशातली ती पहिली ग्रामीण नोंदणी. पुढे १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायकांना घेऊन गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा एक अभ्यास सुरू झाला. टाटा मेमोरियल, बार्शीचं हॉस्पिटल आणि फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था, असे तिघे त्यात होते. गावांचे ५२ गट चार वाटण्यांत विभागले. एकात हा कॅन्सर घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी, एकात पॅप म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काढून तपासणं, एकात व्हिनेगर लावून बघणं, एकात नेहमीचंच. आठ वर्षांनंतर दिसलं, की आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले होते. ज्यांची चाचणी निगेटिव्ह आली, त्यांच्यात या कॅन्सरनं एकही मृत्यू नाही. चौथ्या गटातल्या बायकांची तपासणी झाली नव्हती, त्यावर पुढे नैतिकतेचा वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता. जगभरच्या मार्गदर्शक सूचनांमागे आज त्या बायकांचा आकडा उभा आहे. त्यांच्या लेकी-सुना माझ्याकडे येतात आणि विचारतात, "ती तपासणी दुखती का हो?"

मुंबईच्या वस्त्यांत टाटा मेमोरियलच्याच डॉक्टरांनी व्हिनेगरची तपासणी साध्या आरोग्यसेविकांना शिकवून पुन्हा पुन्हा करून घेतली, तिथं मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. सांगायचा मुद्दा असा, की यासाठी आधी गायनॅक लागत नाही. दिवा, स्पेक्युलम, व्हिनेगर, कापूस आणि मिनिटभर थांबायची तयारी लागते. पांढरा चट्टा उमटला तर चिठ्ठी. संबंधानंतर रक्त येतं अशी तक्रार असेल तर बघणं अटळ आहे, आणि बघताना तोंडावर जखम किंवा फुलकोबीसारखी वाढ दिसली, तर पॅप पाठवून रिपोर्टची वाट बघू नये. डोळ्यांना दिसतंय त्याचा थेट तुकडा घ्यावा लागतो. अशा ठिकाणी नॉर्मल आलेला पॅप भलतंच समाधान देऊन जातो. म्हणून चिठ्ठीत 'वाढ दिसते, बायोप्सीसाठी' असं स्पष्ट लिहावं.

आता थांबायचं कुठं, ते. पांढरं पाणी. आमच्याकडे येणाऱ्या बायकांच्या तक्रारींत हे वरच्या नंबरावर, आणि यातल्या बहुतेकींना गायनॅकची गरज नसते. पाळीच्या मध्यावर येणारा पातळ स्राव हा आजारच नव्हे. खाज आणि दह्यासारखं असेल तर बुरशी, माशासारखा वास असेल तर दुसरा जंतुसंसर्ग. दोन्हीवर सरकारी दवाखान्यात औषधांचं हिरवं किट फुकट मिळतं. ओटीपोटात दुखत असेल, आतून तपासताना कळ येत असेल, तर पिवळं. बुरशी वारंवार होत असेल तर तिची शुगर बघावी, हेही आमच्याच अखत्यारीतलं. पण एवढं सगळं करूनही एक बाई राहतेच. तपासणीत काही नाही, औषध झालं, दुसरं झालं, तरी "पानी जातंय, अंगातलं सगळं त्राण चाललंय." गोव्यात झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं होतं, की या तक्रारीचा संबंध जंतूंपेक्षा बाईच्या मनावरच्या ताणाशी आणि घरातल्या छळाशी जास्त घट्ट आहे. हे वाचल्यापासून मी तिसरं औषध लिहायच्या आधी पेन खाली ठेवते आणि घरी कोण कोण आहे, झोप लागते का, हे विचारते. या बाईला गायनॅककडे पाठवणं सगळ्यात सोपं असतं. आणि सगळ्यात धोक्याचं, कारण त्या वाटेवर पुढं काय आहे ते आम्हाला चांगलं माहीत आहे.

ते म्हणजे सोनोग्राफीच्या रिपोर्टातला 'बल्की युटेरस'. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असतंच. पण कुणीतरी तिला सांगतं, पिशवीला सूज आहे. पुढचा माणूस सांगतो, आज सूज, उद्या कॅन्सर. ती विचारते, मग काय करायचं? उत्तर तयार असतं.

दिवाळीच्या सुमाराला आमच्या रस्त्यावरून बीडकडच्या ऊसतोड मजुरांचे ट्रॅक्टर जातात, कारखान्यांच्या दिशेनं. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो, उचल दोघांच्या नावावर, एक दिवस खाडा पडला की पैसे कापले जातात. फडात संडास नाही, पाणी नाही, पाळीचं कापड बदलायला आडोसा नाही. २०१९ मध्ये बीडमधल्या गर्भाशय काढायच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या आल्या, तेव्हा राज्य सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. आरोग्य खात्याच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. सहांतल्या एकीचं. खाजगी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया करायची तर जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागेल, असा नियम मग तिथं आला. २०२२ मध्ये केंद्रानं अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सगळ्या राज्यांना त्या लागू करायला सांगितलं. हे सगळं बरोबरच. पण त्या बायका शस्त्रक्रियेच्या टेबलावर एकदम पोचल्या नव्हत्या. आधी कुठल्यातरी छोट्या दवाखान्यात, माझ्यासारख्या कुणापुढं बसल्या होत्या. तिथं त्यांचं हिमोग्लोबिन बघितलं गेलं होतं का? पाळीच्या दिवसांत रक्त कमी करणारी साधी ट्रॅनेक्झामिक ॲसिडची गोळी दिली होती का?

म्हणून जास्त जाण्याच्या तक्रारीत माझा क्रम ठरलेला आहे. आधी किती जातं ते नीट विचारायचं: गाठी पडतात का, रात्री उठून बदलावं लागतं का, पाळी किती दिवसांनी येते. प्रेग्नन्सी टेस्ट, हिमोग्लोबिन, थायरॉइड. आतून तपासणी. पहिल्या पाळीपासूनच धो धो जाणाऱ्या मुलीत रक्त न गोठण्याचा आजार मनात ठेवायचा, तिच्या हिरड्यांतून, नाकातून रक्त येतं का विचारायचं. मग लोहाच्या गोळ्या आणि पाळीपुरतं औषध, दोन-तीन पाळ्या. चिठ्ठी कधी? हिमोग्लोबिन ७ च्या खाली गेलं आणि रक्त चालू आहे, तर त्याच दिवशी. वय पंचेचाळीसच्या पुढं आणि दोन पाळ्यांच्या मध्ये डाग, तर औषध सुरू असतानाच, तुकड्यासाठी. गर्भाशय हाताला पोटावरून लागतंय, फायब्रॉइड, म्हणजे गर्भाशयातली साधी गाठ, मोठा आहे, किंवा औषधांनी फरक नाही, तरीही. आणि पाठवताना तिला सांगून ठेवायचं, की ऑपरेशन हा एकच उपाय नाही. गोळ्या आहेत, तांबीसारखं आत बसवायचं हार्मोनचं साधन आहे, नुसती गाठ काढता येते. चाळिशीच्या आत ऑपरेशन सांगितलं तर आधी माझ्याकडे परत यायचं, किंवा दुसऱ्या डॉक्टरांना दाखवायचं. गर्भाशयाबरोबर अंडाशयंही काढली गेली तर हाडं, हृदय, झोप, सगळ्याचा हिशेब लवकर सुरू होतो. हे तिला त्या ऑपरेशननंतर कुणी सांगून उपयोग नाही.

इथं एक गोष्ट मला कायम खटकते. अंग बाहेर येण्याच्या, म्हणजे गर्भाशय खाली सरकण्याच्या त्रासात तरुण बाईचं गर्भाशय वाचवायच्या शस्त्रक्रिया जगाला देणाऱ्यांत आपल्या मुंबईचे सर्जन होते. मूळ गोव्याच्या शिरोड्याचे डॉ. वि. ना. शिरोडकर यांचा टाका, गर्भपिशवीचं तोंड सैल पडून पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भ पडणाऱ्या बाईसाठीचा, जगभर त्यांच्या नावानं ओळखला जातो. अंग वर बांधायचीही त्यांची स्वतःची पद्धत आहे. डॉ. पुरंदरे यांची आणखी वेगळी. म्हणजे विद्या आपल्याकडची, राज्य तेच, आणि फडातल्या बाईला मात्र "कटकट नको, काढूनच टाका." अंग बाहेर येणाऱ्या वयस्क बाईलाही लगेच ऑपरेशनच असं नाही. आत बसवायची रबराची कडी असते, पेसरी. ती कुठं मिळते हे आमच्याकडे मेडिकलवाल्यालाही विचारावं लागतं. दोन-तीन महिन्यांपुढं पोट गेलेलं, पूर्वी असा गर्भ पडलेला, अशी बाई आली तर तिला मात्र लगेच चिठ्ठी. टाक्याची वेळ निघून गेली की काही करता येत नाही.

मूल होत नाही म्हणून आलेल्या जोडप्याला एक वर्ष, बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिने, एवढं थांबून पाठवायचं हे सगळ्यांना पाठ असतं. जोडपं म्हणते मी, पण येते ती आणि तिची सासू. नवऱ्याची वीर्यतपासणी ही सगळ्यात स्वस्त, सगळ्यात सोपी तपासणी, आणि ती व्हायच्या आधी बाईच्या नळीचा फोटो, दुर्बीण, दोन-दोन बुवा सगळं होऊन गेलेलं असतं. आता माझा नियम असा, की त्याचा रिपोर्ट आल्याशिवाय तिची चिठ्ठी नाही. यावरून काही नवरे रुसून दुसऱ्या डॉक्टरकडे गेले. जाईनात का.

मुलींच्या बाबतीत उलट, लोक फार थांबतात. पंधरा वर्षं झाली, छाती आली, पाळी नाही, तर पाठवायचं. तेराव्या वर्षीही छातीत काहीच बदल नसेल, तरी पाठवायचं. "आमच्यात उशिराच येती" हे ऐकून घ्यायचं आणि तरी पाठवायचं. एका नववीतल्या मुलीला दर महिन्याला चार दिवस पोटात दुखायचं, शाळेनं ती अभ्यास चुकवते असं ठरवलेलं. माझ्याकडे आली तेव्हा लघवी तुंबली होती. पाळी अजून आली नव्हती, असं आईनं सांगितलं. खरं तर पाळी दर महिन्याला येत होती, बाहेर पडायला वाट नव्हती. पडदा बंद, आत रक्त साठलेलं. निळसर फुगलेला पडदा एका नजरेत दिसत होता. त्याच दिवशी तालुक्याच्या गायनॅकनी छोटा छेद दिला आणि तिसऱ्या दिवशी मुलगी घरी. पोटदुखीच्या गोळ्या देणाऱ्या कुणीही तोवर तिथं बघितलं नव्हतं.

शेवटचं एक, जे कुणी फारसं मनावर घेत नाही. पन्नाशीच्या पुढची बाई, पोट फुगतंय, दोन घास खाल्ले की भरल्यासारखं होतंय, लघवीला सारखं जावं लागतंय. आम्ही काय देतो? गॅसची गोळी. महिनाभरानं दुसरी गॅसची गोळी. पन्नाशीनंतर नव्यानं पोटाची कटकट सुरू झाली आणि ती रोजची झाली, तर अंडाशय बघून घ्यायला हवं. सोनोग्राफी तर गल्लोगल्ली आहे. अंडाशयाचा कॅन्सर असाच गुपचूप वाढतो. उलट तरुण बाईच्या सोनोग्राफीत चार सेंटिमीटरची साधी पाण्याची गाठ दिसली की घरात रडारड सुरू होते, आणि ती बहुधा दोन-तीन पाळ्यांत आपोआप जिरते. तिथं चिठ्ठी नको, पुन्हा सोनोग्राफी पुरे. फक्त अचानक असह्य कळ आणि उलट्या सुरू झाल्या, तर गाठीला पीळ पडला असं समजून धावायचं, हे बजावून ठेवायचं. (आणि स्तनातली गाठ घेऊन गायनॅककडे जाणाऱ्यांसाठी: ते सर्जनचं काम आहे. चिठ्ठी त्यांच्या नावानं.)

चिठ्ठी दिली म्हणजे बाई गेली असंही नाही. पर्समध्ये, डब्यात, पत्र्याच्या पेटीत माझ्या चिठ्ठ्या पडून असतात. म्हणून मी तिथं काय होईल ते आधीच सांगते: कपडे किती काढावे लागतील, कुणी बाई सोबत असेल का, तुकडा घेताना पाळीसारखी कळ येते आणि ओसरते, साधारण किती पैसे लागतील, महात्मा फुले योजनेसाठी रेशन कार्ड बरोबर ठेवा. गावातल्या आशाताईला सांगून ठेवलं तर ती एसटीत बसवून देते, कधी स्वतः जाते. आणि चिठ्ठीच्या खालच्या अर्ध्या भागावर उत्तरासाठी रिकामी जागा ठेवते. पूर्वी ती कोरीच परत यायची. आता गायनॅक मॅडम दोन ओळी लिहितात.

मागच्या आठवड्यात एक बाई अशी दोन ओळी घेऊन परत आल्या. फायब्रॉइड लहान आहे, गोळ्या चालू ठेवा, सहा महिन्यांनी बघू. बाई जाम वैतागलेल्या. "एवढ्यासाठी पाठवलंत व्हय? भाडं धरून हजार रुपये गेले, अन् काढायची न्हाई म्हनल्या." मी म्हटलं, याच उत्तरासाठी तर पाठवलं होतं. त्यांना ते काही फारसं पटलं नाही. गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकताना म्हणाल्या, जावेलाही एकदा दाखवायचंय, तिला तीन महिन्यांपासून नुसता गॅस होतोय, जेवणच जात नाही.

जावेचं वय विचारलं. छप्पन्न. तिला उद्याच घेऊन या म्हटलं, आणि सोनोग्राफीवाल्यांना फोन लावला.